चीनमधलं बिऱ्हाड

गेल्या पंधरवड्यात मलकापूरच्या एका भगिनीचं पत्र आलं. चार पानी, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. त्यांच्या जावयांची बदली तीन वर्षांसाठी चीनमधल्या एका शहरात झाली आहे. मुलगी जायला तयार नाही. नात दुसरीत आहे. बाई लिहितात, "तिथे म्हणे साप-बेडूक खातात, भाषा कळत नाही, चहात दूध घालत नाहीत. माझी पोर तिथे राहील कशी? तिला इथेच ठेवून घेऊ का? तीन वर्षं काय, बघता बघता जातील."

पत्र वाचलं आणि उत्तर लगेच लिहायला घेतलं, कारण हे सगळं मी जवळून पाहिलं आहे. माझी धाकटी बहीण २०१८ ते २०२३ अशी पाच वर्षं शांघायला होती. नवरा इंजिनिअर, मुलगी तेव्हा सात वर्षांची. जाताना तीही अशीच रडली होती. आता पुण्यात असते. तिचे फोन, तिनं सांगितलेल्या गोष्टी आणि परत आल्यावर रात्र रात्र जागून मारलेल्या गप्पा, यांच्या आधारानंच आजचा लेख लिहिते आहे.

पण आधी एक सांगते. परमुलखात जाऊन बिऱ्हाड मांडणं ही आपल्याला काही नवी गोष्ट नाही. आपण प्रत्येकीनं ते एकदा केलेलंच आहे. मी सांगलीची. चौदा वर्षांपूर्वी लग्न होऊन या वडनेर भोलजीला आले. भाषा मराठीच, माणसंही आपलीच. पण पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "पोरी, मांगून सांभार आन बरं जरासा." मी घराच्या मागे जाऊन उभी राहिले. मनात म्हटलं, इडलीबरोबरचं सांबार इथे अंगणात कुठून येणार? रिकाम्या हातानं परत आले. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, स्वतः गेल्या आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन आल्या. भेदरं म्हणजे टोमॅटो, काहून म्हणजे का, वावर म्हणजे शेत, हे कळायला मला सहा महिने लागले. तोवर मी सगळ्यांसमोर मूग गिळून बसायची. लोकांना वाटायचं, सून घुमी आहे. बी. ए. झालेली, कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं घेतलेली मी, घुमी!

माझ्या बहिणीचं शांघायला नेमकं हेच झालं, फक्त शंभरपट. म्हणूनच सांगते, परदेशी राहण्यातली खरी अडचण साप-बेडूक नव्हे आणि बिनदुधाचा चहाही नव्हे. घरातली बोलकी बाई एका दिवसात मुकी होते, ही ती अडचण. नवऱ्याला कचेरी असते, तिथे इंग्रजी येणारी चार माणसं भेटतात. मुलाला शाळा असते. बाईला मात्र दाराबाहेर पाऊल टाकलं की भाषा नाही.

पहिले पंधरा दिवस

पहिल्या दिवसाचं काम सरकारी असतं. चीनमध्ये उतरल्यावर परदेशी माणसाला चोवीस तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात आपल्या राहत्या जागेची नोंद करावी लागते. हॉटेलात उतरलं तर ते काम हॉटेलवाले करतात, पण घर भाड्यानं घेतलं की आपलं आपण जायचं. पोलीस ठाणं म्हटल्यावर बहिणीच्या पोटात गोळा आला होता. प्रत्यक्षात एक तरुण शिपाई बाई, घरमालकाचा करार, पासपोर्ट, आणि एक शिक्क्याचा कागद, इतकंच. तो कागद मात्र जिवापाड जपायचा. पुढे व्हिसा-परवान्याच्या कामांना तो लागतो.

दुसरं काम फोनचं. तिथे बाजारहाट, वीजबिल, रिक्षा-टॅक्सी, शाळेचे निरोप, सगळं वुईचॅट आणि अलिपे या दोन ॲपवर चालतं. भाजीवालीसुद्धा पाटीवर चौकोनी कोड चिकटवून बसते. उलट आपलं व्हॉट्सॲप तिथे बंद, आणि वुईचॅट २०२० पासून आपल्याकडे बंद. म्हणजे आईशी बोलायचं कसं? बहिणीनं आपल्याकडचं सिमकार्ड रोमिंगवर चालू ठेवलं. त्यावर व्हॉट्सॲप चालायचं. महाग पडायचं, म्हणून रविवारचाच वार ठरला. तिथलं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. आमचं सकाळचं चहापाणी चालू असायचं, तेव्हा तिचा स्वयंपाक आटोपत आलेला असायचा.

तिसरं काम स्वयंपाकघराचं. मिक्सर आपला नेला तरी तिथल्या प्लगात आपली गोल, जाड तीन पिनांची टोपी बसत नाही. वीज आपल्यासारखीच २२० व्होल्टची, फक्त जोडणी वेगळी. दोन-तीन ॲडॉप्टर नेले की प्रश्न सुटला. कुकर, पोळपाट-लाटणं आणि तवा हे इथून न्यावंच. नळाचं पाणी उकळल्याशिवाय पीत नाहीत, आणि बरेचजण उकळलेलं पाणी गरमच पितात, तेही ऐन उन्हाळ्यात. सर्दी झाली, गरम पाणी प्या. पोट दुखतं, गरम पाणी प्या. बहीण म्हणते, आपल्या आजीचा बटवा तिथे एका थर्मासमध्ये मावतो.

एका गोष्टीनं मात्र तिला फसवलं. शांघायचा नकाशा बघून तिला वाटलं, फार उत्तरेला नाही, थंडी बेताचीच असेल. चीनच्या उत्तर भागात हिवाळ्यात घरोघर सार्वजनिक व्यवस्थेनं ऊब पुरवतात. हुआई नदीच्या दक्षिणेला मात्र ही सोय पूर्वीपासून नाही, आणि शांघाय दक्षिणेत येतं. त्यामुळे बाहेर थंडी तेवढीच घरात थंडी, वर हवा ओली. जून-जुलैमध्ये संततधार पाऊस. तिकडे त्याला प्लमच्या फळांचा पाऊस म्हणतात, कारण ती फळं तेव्हा पिकतात. त्या दिवसांत तिच्या पैठणीला बुरशी आली. रेशमी साड्या नेऊ नका म्हणत नाही, पण नेल्या तर कोरड्या हवेशी पिशवी बांधून ठेवा आणि अधूनमधून उलगडा.

बाजार आणि बोली

भाजीबाजारात गेली आणि पहिल्यांदा तिला हायसं वाटलं. वांगी, कारली, दोडकी, कोहळा, चवळीच्या शेंगा, आलं, लसूण, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला चक्क तांबडा माठ! कोथिंबीर ढिगानं. तिचं तिकडचं नाव श्यांगत्साय, म्हणजे सुवासिक भाजी. मला फोनवर म्हणाली, "ताई, तुझ्या सांभाराला इथे तिसरंच नाव आहे गं." मूग, भुईमूग, तीळ वाण्याकडे मिळतात. तूरडाळ आणि कणीक मिळायला मात्र भारतीय दुकान गाठावं लागतं, कारण तिथलं साधं पीठ आपल्या मैद्याच्या जवळचं. मेथी मिळेना, म्हणून तिनं त्या दुकानातले मेथीदाणे आणून गॅलरीत कुंडीत टाकले. बी-बियाणं, ताजी फळं, भाज्या, दुधाचे पदार्थ सामानातून नेऊ नका बरं का. विमानतळावर काढून घेतात.

तिथे वजन चिनवर चालतं. एक चिन म्हणजे अर्धा किलो. पाटीवरचा भाव किलोचा समजून तिनं पहिल्या दिवशी हिशेब केला आणि भाजीवाली आपल्याला लुबाडते असं वाटून तणतणत घरी आली. भाव अर्ध्या किलोचा होता. लुबाडलं कुणी नव्हतं.

आणि भाषा! एकच अक्षर, चार सुरांत चार अर्थ. मा सरळ सुरात म्हटलं की आई, वर चढवला की ताग, खाली नेऊन वर आणला की घोडा, आणि तोडून म्हटलं की रागावणं. माय म्हणजे विकत घेणं, आणि सूर बदलला की तेच विकणं. बिचारी महिनाभर बाजारात "मला वांगी विकायची आहेत" म्हणत हिंडत होती. भाजीवाल्या हसायच्या आणि वांगी द्यायच्या. आकडे तर बोटांनी दाखवतात. अंगठा आणि करंगळी वर, मधली बोटं मिटलेली, म्हणजे सहा. दोन्ही तर्जन्यांची फुली म्हणजे दहा.

शाकाहाराची अडचण खरी आहे, ती लपवत नाही. "वो छ्र सू", म्हणजे मी शाकाहारी आहे, हे वाक्य तिनं पहिल्या आठवड्यात पाठ केलं. पण भाजीत मांसाचे तुकडे नसले म्हणजे झालं, असं बऱ्याच हॉटेलवाल्यांना वाटतं. कालवांचा सॉस, कोंबडीच्या चवीची पूड किंवा चरबी त्यात असू शकते. ज्यांना सोवळं पाळायचं आहे त्यांनी बौद्ध मंदिरांजवळच्या शाकाहारी खानावळी शोधाव्यात. तिथे कांदा-लसूणसुद्धा नसतो. आपल्या चातुर्मासासारखंच की नाही? अमावास्येनंतरच्या पहिल्या तिथीला आणि पंधराव्या दिवशी मांस न खाणारे भाविक तिथेही आहेत. त्यांच्या चांद्र पंचांगात आपल्यासारखाच अधिक महिनाही येतो. त्यांचा चंद्राचा मोठा सण कधी आपल्या भाद्रपदी पौर्णिमेला पडतो, तर कधी कोजागिरीला. २०२५ साली ६ ऑक्टोबरला दोन्ही एकाच रात्री होते.

खालच्या मजल्यावरची आयी

चीनमध्ये वयानं मोठ्या बाईला 'आयी' म्हणून हाक मारतात. अर्थ मावशी, पण कानाला आपल्या 'आई'सारखंच. बहीण पहिल्यांदा दचकलीच होती.

त्यांच्या खालच्या मजल्यावर अशीच एक आयी राहायची. नोकरीतून निवृत्त झालेली, मुलगा त्याच शहरात पण लांब. जिन्यात भेटली की म्हणायची, "छ्र ल मा?" म्हणजे जेवलात का? तिथल्या जुन्या लोकांचा हा रामरामच. बहीण तोपर्यंत शिकवणीला जाऊन थोडी चिनी शिकली होती, पण तिला आयीचं पुढचं बोलणं कळेना. कारण शिकवणीतली भाषा पुस्तकी, आणि आयी बोलायची शांघायची बोली. दोहोंत फरक केवढा, तर बाहेरगावच्या चिनी माणसालाही शांघायची बोली समजत नाही. मी तिला म्हटलं, "अगं, मला माझ्याच भाषेत 'काहून' कळलं नव्हतं. तुझं काय घेऊन बसलीस!"

पहिल्या संक्रांतीला तिनं तीळ आणि तिथली लाल साखर यांचे लाडू केले. ही लाल साखर गुळाच्या जवळची. बाळंतिणीला ती तिथेही देतात, आणि बाळंतिणीनं महिनाभर घराबाहेर पडायचं नाही, गार पाण्याला हात लावायचा नाही, हा नेमही तिथे आहे. वाटीभर लाडू तिनं आयीकडे दिले. तीन-चार दिवसांनी वाटी परत आली, ती भरलेलीच. तांदळाच्या पिठाचे पांढरे उकडलेले गोळे, आत काळ्या तिळाचं गोड सारण. दिसायला आपल्या मोदकाचे चुलत भाऊ. पण लेक म्हणाली, "आई, सारणात डुकराची चरबी घालतात, शाळेतल्या मैत्रिणीनं सांगितलंय."

आता काय करावं? खावे तर धर्म जातो, टाकावे तर अन्नाचा अपमान, आणि आयी उद्या विचारणार, आवडले का? बहिणीनं लेकीला बरोबर घेतलं, खाली गेली आणि जे खरं ते सांगितलं. लेक बोलत होती आणि ही हात जोडून उभी. आयीनं ऐकून घेतलं, काही बोलली नाही. दार बंद झालं. बहिणीला वाटलं, संपलं सगळं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आयी वर आली. हातात तीच वाटी, नवे गोळे. सारण तेलात केलेलं, आणि तेलाची बाटलीही दाखवायला बरोबर आणलेली.

चूक फक्त आयीचीच झाली असं नाही. पुढे आयीच्या मुलानं घराला नवा रंग काढून दिला. आपण वास्तुशांतीला देतो तसं बहिणीनं छानसं भिंतीवरचं घड्याळ कागदात गुंडाळून नेलं. आयीनं उघडलं आणि तिचा चेहरा पडला. चिनी भाषेत 'घड्याळ भेट देणं' आणि 'मरणाऱ्याला शेवटचा निरोप देणं' यांचा उच्चार एकच आहे. म्हाताऱ्या माणसाला तर घड्याळ कधीच देत नाहीत. बहिणीला हे मागाहून कळलं. आयी मात्र क्षणभरानं हसली, आत गेली, एक युआनचं नाणं आणून हिच्या हातावर ठेवलं. म्हणजे आता ही भेट नव्हे, घड्याळ मी विकत घेतलं! आपल्याकडे सुई उसनी देताना नाही का आपण काहीतरी तोड काढत? घड्याळ आयीच्या भिंतीवर लागलं.

म्हणून जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, घड्याळ आणि छत्री भेट देऊ नये, आणि चार हा आकडा टाळावा. चारचा उच्चार मरणाच्या जवळचा, म्हणून कित्येक इमारतींत चौथा मजलाच नसतो. फळं, चहा, मिठाई चालते. आणि घरात शिरताना चपला दाराशीच काढायच्या. ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

घरात दुभाषी

मुलं भाषा चटकन उचलतात. भाचीची वर्षभरात चिनी चुरूचुरू सुरू झाली. दुपारी शाळेत मुलांना वामकुक्षी असते, हे ऐकून आमचे वडील म्हणाले होते, "मग तो देश पुढे गेला यात नवल काय!" पण याची दुसरी बाजूही सांगते. लेक आईची दुभाषी झाली. डॉक्टरकडे आईच्या पाळीचा त्रास आठ वर्षांची पोर सांगणार? एकदा भाची रागात म्हणाली, "तुला काहीच येत नाही, सगळं मीच बोलायचं." बहीण त्या रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवसापासून शिकवणीचे तास दुप्पट केले. ती म्हणते, "चिनी मी भाजीसाठी शिकले नाही, लेकीसमोर आई राहण्यासाठी शिकले."

या जिद्दीबाबत आपल्यापुढे एक मोठं उदाहरण आहे. १९३८ साली चीन-जपान युद्धात जखमींच्या सेवेसाठी भारतातून पाच डॉक्टर चीनला गेले. त्यांत आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. कोटणीसांनी चिनी भाषा इतकी आत्मसात केली की ते तिथल्या विद्यार्थ्यांना चिनीतून शिकवू लागले. १९४१ साली त्यांनी परिचारिका असलेल्या क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ, यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. मूल काही महिन्यांचं असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, कोटणीस वारले. वय बत्तीस. शांतारामबापूंनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला, तो आपल्या आयांनी पाहिलेला आहे. मला मात्र नेहमी त्या बाईंचं वाटतं. नवरा परदेशी, तोही लग्नानंतर लवकरच गेलेला, पदरी तान्हं मूल. पुढे मुलगाही ऐन तारुण्यात गेला. तरी त्या कोटणीस कुटुंबाला भेटायला भारतात येत राहिल्या. सासरची भाषा येत नसताना सासरचं नातं त्यांनी २०१२ साली वारेपर्यंत धरून ठेवलं.

दोन वर्षं परीक्षेची

२०२० साली करोना आला. दोन्ही देशांमधली थेट विमानं बंद झाली, ती २०२५ च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली. २०२०च्या नोव्हेंबरापासून भारतातून गेलेल्यांना, व्हिसा असूनही, चीनमध्ये प्रवेश मिळेना. म्हणजे इकडे यायचं तर परतीची वाट बंद.

२०२१ च्या सप्टेंबरात आमचे वडील गेले. मी इथून दहा तासांत सांगलीला पोचले. बहीण पोचू शकली नाही. तिनं फोनवर सगळं पाहिलं. चितेला अग्नी दिला तेव्हा मीच फोन खाली केला, मला ते दाखवणं होईना.

संध्याकाळी आयी वर आली. भाचीनं जिन्यात सांगितलं असावं. काही बोलली नाही. हातात झाकण घातलेलं पातेलं होतं, तांदळाची मऊ पेज. मैत्रिणींनो, आपल्याकडे गमीच्या घरात चूल पेटवत नाहीत, शेजारणी पिठलं-भात आणतात. आयीला आपली ही रीत कुणी सांगितली नव्हती. ती दोन तास बहिणीचा हात धरून बसली. भाषा येऊन-न येऊन काय फरक पडला असता?

पुढच्या वर्षी शांघाय बंद झालं. अडीच कोटींचं शहर. बहिणीच्या बाजूचा भाग १ एप्रिल २०२२ ला बंद केला. सांगितलं होतं चार दिवस. उघडलं १ जूनला. घराबाहेर पडायचं नाही, दुकानं बंद. सरकारकडून भाजीची खोकी यायची, पण कधी येतील नेम नाही. मग इमारतीतल्या लोकांनी फोनवर गट केले. सगळ्यांची मागणी एकत्र करून घाऊक भाजी, अंडी, तांदूळ मागवायचे. गटाशिवाय काही मिळेना.

आयी एकटी. तिच्याकडे साधा फोन, आणि त्या गटांत भराभर लिहिणं तिला जमेना. मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला अडकलेला. आयीच्या घरातले तांदूळ संपत आले हे बहिणीला कळलं ते आयीनं पाठवलेल्या वाटीवरून. पहिल्यांदाच ती वाटी रिकामी आली होती.

त्या दिवसापासून आयीची मागणी बहीण नोंदवू लागली. दोन चिन तांदूळ, एक कोबी, दहा अंडी. जी बाई "मला वांगी विकायची आहेत" म्हणायची, तीच आता शांघायच्या बाईसाठी शांघायमध्ये भाजी खरेदी करत होती. स्वतःच्या कणकेच्या दोन पोळ्या रोज आयीच्या दाराच्या मुठीला पिशवीत अडकवायची. आयीला पोळी आवडायची नाही, हे पुढे कळलं. पण तिनं दोन महिने ती खाल्ली.

मलकापूरच्या भगिनीला

तर ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मुलीला जाऊ द्या. तीन वर्षं बघता बघता जात नाहीत. ती नवरा-बायकोत, बाप-लेकीत साचून राहतात. पण तिला तयारीनं पाठवा:

१. कंपनीकडून घरभाडं, शाळेची फी, आजारपणाचा विमा आणि वर्षातून एकदा घरी येण्याचं तिकीट हे सगळं निघण्यापूर्वी लेखी घ्या. शाळेची फी फार असते.

२. जावयांना सांगा, बायकोच्या भाषाशिकवणीचे पैसे हा चैनीचा खर्च नव्हे. पहिल्या महिन्यापासून शिकवणी लावा. नातीला दुभाषी करू नका.

३. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. कुकर, तवा, पोळपाट, मसाल्याचा डबा, उबदार कपडे आणि पासपोर्ट आकाराचे दहा-बारा फोटो न्या.

४. घराचा पत्ता चिनी लिपीत कार्डावर लिहून पर्समध्ये ठेवा, नातीच्या दप्तरातही. टॅक्सीवाल्याला तोच दाखवायचा.

५. भारतीय मंडळी भेटतील, दिवाळी-गणपती एकत्र होतील, ते करावंच. पण फक्त त्यांच्यातच राहू नये. शेजारचं एक तरी दार ठोठवावं.

६. आणि चार स्टीलच्या वाट्या जास्त द्या. त्या शेजारी जायला लागतात.

बहीण परत आली तेव्हा आयीनं ते घड्याळ भिंतीवरून काढून दाखवलं, अजून चालू आहे म्हणून. नाणं बहिणीच्या कुंकवाच्या करंड्यात आहे. मी पुण्याला गेले होते तेव्हा तिला विचारलं, "आता बरं वाटत असेल ना, आपल्या माणसांत?" म्हणाली, "ताई, दीड वर्ष झालं. समोरच्या दारातल्या बाईंचं नाव मला माहीत नाही."

मी गप्प बसले, कारण मलाही एक आठवलं. आमच्या गल्लीत महिन्याभरापूर्वी हायवेच्या कामावरच्या एका माणसाचं बिऱ्हाड आलंय, ओडिशाकडचं. त्याची बायको विशी-बाविशीची, कडेवर पोर. दुकानात बोटानं दाखवून वस्तू घेते. परवा ती कोथिंबिरीकडे बोट दाखवत होती आणि दुकानदार म्हणत होता, "सांभार? सांभार पायजे का?" ती नुसती बघत राहिली. मी तिथेच होते. शाळेला उशीर होतोय म्हणून निघून आले.

आज घरी वड्या केल्यात सांभाराच्या. हा लेख पुरा झाला की वाटी घेऊन जाते.